मृत्यूवर विजय : येशूचे पुनरुत्थान आणि प्राचीन दैवतकथा

वधस्तंभावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे. प्रेषित पौलाने इ.स. 55च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात साऱ्या विश्वासाची मदार याच घटनेवर ठेवली. मरून परतणाऱ्या देवांच्या कथा मात्र पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये त्याआधी हजारो वर्षे सांगितल्या जात होत्या. जेम्स फ्रेझर या अभ्यासकाने 1890 साली ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात अशा दैवतांचा एक गट मांडला आणि ती सारी धान्याच्या, वनस्पतींच्या वार्षिक मरण्या-उगवण्याची रूपे आहेत असे प्रतिपादन केले. ख्रिस्ती पुनरुत्थान ही या कथांचीच नक्कल आहे, असा दावा तेव्हापासून वारंवार केला जातो. तो तपासण्यासाठी मूळ कथांचा तपशील पाहावा लागतो.

इजिप्त आणि मेसोपोटेमिया

इजिप्तचा देव ओसायरिस याचे उल्लेख इ.स.पू. 24व्या शतकात पिरॅमिडांच्या आतील भिंतींवर कोरलेल्या मंत्रांत आहेत. सलग कथा मात्र प्लुटार्क या ग्रीक लेखकाने इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिली. त्या कथेनुसार सेत या भावाने ओसायरिसला कपटाने पेटीत कोंडून नाईल नदीत सोडले आणि पुढे त्याच्या देहाचे 14 तुकडे करून विखुरले. पत्नी आयसिसने ते शोधून एकत्र केले. पण ओसायरिस पृथ्वीवर परतला नाही. तो मृतांच्या लोकाचा राजा झाला आणि इहलोकीचे राज्य त्याचा पुत्र होरस याच्याकडे गेले. इजिप्तमध्ये ओसायरिसच्या आकाराच्या साच्यात माती भरून धान्य रुजत घालत. तसा एक साचा तुतनखामन या राजाच्या थडग्यातही सापडला. नवरात्रातील घटाभोवती रुजवलेल्या धान्यासारखाच हा उगवत्या जीवनाचा विधी होता.

मेसोपोटेमियातील सुमेरी काव्यात इनान्ना ही देवी पाताळात उतरते आणि तेथे मारली जाते. जीवनदायी अन्न आणि पाणी शिंपडल्यावर ती उठते, पण सुटकेसाठी तिला बदली जीव द्यावा लागतो. आपल्यासाठी शोक न करणाऱ्या दुमुझी या पतीला ती यमदूतांच्या हवाली करते. पुढे दुमुझीची बहीण गेश्तिनान्ना त्याच्यासाठी अर्धे वर्ष पाताळात राहते आणि उरलेले अर्धे वर्ष तो राहतो. हाच दुमुझी पुढे तम्मूज म्हणून ओळखला गेला. जेरुसलेमच्या मंदिराच्या दाराशी तम्मूजसाठी रडणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख जुन्या करारात यहेज्केलच्या पुस्तकात आहे, आणि संदेष्टा त्याकडे घोर अपराध म्हणून पाहतो.

कनान आणि फिनिशिया

सीरियातील रास शमरा येथे 1929 साली सुरू झालेल्या उत्खननात प्राचीन उगारित नगराच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांतील कथेत पर्जन्यदेव बाल याला मृत्युदेव मोत गिळतो. अनात ही देवी मोतला कापते, पाखडते, भाजते आणि दळते. जणू तो धान्यच आहे. त्यानंतर बाल परततो. फिनिशियाच्या बिब्लोस नगरात अडोनिस या दैवतासाठी दरवर्षी शोक होत असे. तो पुन्हा जिवंत झाल्याचे सांगणारे लिखित पुरावे मात्र इ.स.च्या दुसऱ्या शतकापासूनचे, म्हणजे येशूनंतरचे आहेत.

साम्य कोठे, भेद कोठे

या कथांत काही जणांना मृत्यू आहे पण परतणे नाही. काहींना परतणे आहे, पण ते दरवर्षीचे. अभ्यासक जोनाथन झेड. स्मिथ यांनी 1987 साली फ्रेझरने मांडलेला हा गट बऱ्याच अंशी अभ्यासकांच्या कल्पनेतून रचलेला आहे असे म्हटले. उलट स्वीडिश अभ्यासक ट्रिग्वे मेटिंगर यांनी 2001 साली बाल आणि दुमुझी यांच्यासारखी काही दैवते खरोखर मरून उठतात असे दाखवले, पण येशूचे पुनरुत्थान त्यांच्यावरून घेतल्याचा पुरावा नाही असा निष्कर्षही काढला.

मुख्य भेद काळाच्या कल्पनेचा आहे. दैवतकथा काळाच्या आरंभी घडते आणि ऋतूंबरोबर फिरत राहते. येशूचा वध इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमी सुभेदार असलेल्या पंतय पिलाताच्या आज्ञेने झाला. रोमी इतिहासकार टॅसिटसही हे नोंदवतो. पुनरुत्थान घडले की नाही, हे इतिहासशास्त्र ठरवू शकत नाही. तो श्रद्धेचा विषय आहे. परंतु ते एकदाच, ठरावीक स्थळी आणि काळी घडले, असा ख्रिस्ती दावा आहे.

या दाव्याची मुळे यहुदी परंपरेत आहेत. जुन्या करारातील दानीएलच्या पुस्तकात मातीत निजलेले अनेक जण युगाच्या अंती जागे होतील अशी आशा आहे. हा भाग बहुतेक अभ्यासक इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मानतात. येशूच्या काळातील यहुद्यांपैकी परूशी पंथ ही आशा मानत असे, सदूकी पंथ नाकारत असे, आणि पौल स्वतः परूशी होता. अंतकाळी सर्व मृत उठतील ही श्रद्धा जरथुश्त्री धर्मातही आहे आणि भारतातील पारशी समाजाने तिचा वारसा जपला आहे. यहुदी लोक दोन शतके प्राचीन इराणच्या पारसी साम्राज्याखाली होते, त्यामुळे या श्रद्धेचा प्रभाव पडला असावा असे काही अभ्यासक मानतात. भारतीय पुनर्जन्माची कल्पना याहून निराळी आहे. तिच्यात आत्मा देह बदलत राहतो आणि त्या फेऱ्यातून सुटणे हा मोक्ष असतो. ख्रिस्ती कल्पनेत तीच व्यक्ती, त्याच पण रूपांतरित देहासह, एकदाच उठते.

साम्य नाकारण्याचेही कारण नाही. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 155च्या सुमारास रोमी सम्राटाला उद्देशून लिहिताना ग्रीक देवपुत्रांच्या कथांशी असलेले साधर्म्य स्वतःच मांडले होते. पुनरुत्थान समजावताना पौलही मातीत पेरलेल्या बीजाचाच दाखला देतो. बीजाचे रूपक सर्वांच्या समान अनुभवातून आलेले आहे. दोन कथांचे रूपक जुळले म्हणून एकीने दुसरीची नक्कल केली असे सिद्ध होत नाही. त्यासाठी काळ, संपर्क आणि तपशील या तिन्हींचा पुरावा लागतो. येशूच्या पुनरुत्थानाबाबत तो पुरावा ओसायरिस किंवा तम्मूजकडे जात नाही, यहुदी आशेकडे जातो.

पुढील लेखांकात : जलप्रलयाच्या कथा – नोहा, उतनपिश्तिम आणि मनू.