शुक्रवारची सुट्टी आणि सात कादंबऱ्या

रमजानमधला शुक्रवार. दुपारी एकच्या सुमारास कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर एखाद्या दुकानाचे शटर अर्धे खाली येते. शिलाई मशीनवर कपडा तसाच राहतो. "नमाज पढून आलो," एवढे शेजारच्या दुकानदाराला सांगून माणूस मशिदीकडे निघतो. शेजारी मान हलवतो. गिऱ्हाईक आलेच तर त्याला बाकड्यावर बसवून ठेवतो. तासाभरात शटर पुन्हा वर जाते आणि मशीन पुन्हा चालू होते. ईद जवळ आली की शिंप्याला तेवढा तासही जड जातो.

शुक्रवार आता सुट्टीचा वार नाही. एके काळी होता. घनसावंगी, अंबड, परतूर, परभणी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा सरकारी कचेऱ्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे. जुम्म्याच्या नमाजसाठी दप्तर बंद राही आणि तिथला कारकून, मग तो हिंदू असो की मुसलमान, त्या दिवशी मोकळा असे. अशाच एका कारकुनाने मराठीला सात कादंबऱ्या दिल्या. आज जालना जिल्ह्यात असलेल्या मातीतच तो जन्मला होता.

सातोन्याचे भगवान कुलकर्णी

घनसावंगी तालुका म्हटले की पहिले नाव निघते ते जांबचे, समर्थ रामदासांच्या जन्मगावाचे. ते साहजिकच आहे. पण शेजारच्या परतूर तालुक्यात सातोना नावाचे गाव आहे. परतूर आणि सेलूच्या मध्ये रेल्वेने जाताना त्याचे स्टेशन लागते. त्या गावात १५ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म झाला. मराठी साहित्य त्यांना बी. रघुनाथ म्हणून ओळखते. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १९८१ साली जालना जिल्हा झाला आणि सातोना इकडे आले.

त्या तारखेपाशी जरा थांबावे. १५ ऑगस्ट १९१३ हा शुक्रवार होता. हिजरी सन १३३१ चालू होते आणि रमजान लागून दहा-अकरा दिवस झाले होते. म्हणजे सातोन्याच्या कुलकर्ण्यांच्या घरी पाळणा हलला तेव्हा आजूबाजूच्या गावांत रोजे चालू होते आणि दुपारी जुम्म्याची नमाज होती. हा निव्वळ योगायोग. पण पुढे ज्या माणसाचा आठवडाच शुक्रवारभोवती फिरायचा होता, त्याच्या बाबतीत तो लक्षात राहतो.

हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले. पुढे शिकण्याइतकी घरची परिस्थिती नव्हती. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी धरली. लोक त्या खात्याला तामीरात म्हणत. रस्ते, पूल, सरकारी इमारती यांचे काम तिथे चाले. कारकुनाच्या वाट्याला त्यातला दगड-चुना येत नसे, कागद येत. कामाची मोजमापे, मजुरांची हजेरी, ठेकेदारांची बिले, वर पाठवायची पत्रे. कारभार उर्दूत. तारखा फसली सनाच्या, महिने आजूर, दै, बहमन असे. पगार हाली शिक्क्यात. मराठी फक्त घरी, रस्त्यावर आणि आठवडी बाजारात.

दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि उरलेल्या वेळात मराठीत कादंबरी. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांची 'ओ' ही पहिली कादंबरी आली. नाव एका अक्षराचे. मग १९४३ ते १९४६ या चार वर्षांत 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात' आणि 'म्हणे लढाई संपली' अशा चार. पुढे 'जगाला कळले पाहिजे' आणि 'आडगावचे चौधरी'. शिवाय कथासंग्रह आणि कविता.

हजार दिवसांचा हिशेब

नोकरदार माणसाला यातला हिशेब चटकन कळेल. नोकरी सुमारे वीस वर्षांची. वर्षाला बावन्न आठवडे. म्हणजे आठवड्याच्या सुट्ट्या हजारभर. त्या सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर जेमतेम तीन वर्षे होतात. त्या तीन वर्षांतच बाजारहाट, पाहुणे, दुखणी-खुपणी, लग्नकार्ये, मुलाबाळांचे लाड. त्यातच दुपारची झोप. बाकी उरतात त्या दप्तरातून परतल्यानंतरच्या संध्याकाळी.

मोठ्या लेखकाचे आयुष्य म्हणजे प्रवास, सभा, मानपत्रे असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक लेखकांचे आयुष्य तुमच्या-आमच्यासारखेच जाते. आठवड्याचे सहा दिवस पोटासाठी, एक दिवस मनासाठी. आणि त्या एका दिवसाची खरी मजा आदल्या संध्याकाळीच सुरू होते. आज शनिवारी संध्याकाळी नोकरदाराच्या पावलांना जो हलकेपणा येतो, तो तेव्हा गुरुवारी येत असे. उर्दूत गुरुवारला जुमेरात म्हणतात, जुम्म्याच्या आदली रात्र. वाराच्या नावातच उद्याची चाहूल आहे.

खेड्यातला आठवडा तर आजही अशाच लहान सुखांवर चालतो. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीत तळाशी गोडीशेवेची पुडी येते. पोरे वेशीवर वाट पाहत उभी राहतात. रमजानमध्ये हेच सुख रोजच्या रोज मिळते. दिवसभर ज्या पाण्याकडे बघायचे नाही, त्या पाण्याचा मगरिबच्या अजानबरोबर पहिला घोट. एक खजूर, टरबुजाची फोड, गरम भजी. वस्तू रोजच्याच. वाट पाहिल्यामुळे त्यांना चव येते. ज्याने कधी वाट पाहिली नाही, त्याला ना रोजा कळत ना सुट्टीचा वार.

सुट्टी सरकारची, वेळ अल्लाहचा

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुष्कळ मुसलमानांनाही माहीत नसते. जुम्मा हा धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस नाही. कुरआनच्या 'जुमुआ' या सूरहचा आशय असा, की नमाजची हाक आली की खरेदी-विक्री सोडा, आणि नमाज संपली की पृथ्वीवर पसरा आणि रोजी शोधा. अर्धे शटर ओढून जाणारा आणि तासाभरात परत येणारा कुंभार पिंपळगावचा शिंपी ही शिकवणच पाळत असतो. दिवसभराची सुट्टी ही राज्यकर्त्यांची प्रथा होती, जशी इंग्रजी मुलखात रविवारची.

पण त्या प्रथेतून एक गोष्ट घडली. शेजाऱ्याच्या नमाजसाठी ठेवलेला वार एका मराठी कादंबरीकाराच्याही वाट्याला आला. सुट्टी वाटून घेताना धर्म विचारला जात नव्हता. आजही रमजान ईदची सुट्टी मिळाली की हिंदू शिक्षक लेकरांना घेऊन मामाच्या गावाला जातो आणि दिवाळीच्या सुट्टीत मुसलमान पोरे आजोळी पोहोचतात. एकमेकांच्या सणांनी आपण एकमेकांना वेळ दिला आहे. याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

भाषेतही तसेच झाले. कागद, कलम, शाई, दौत, दप्तर ही लिहिणाऱ्याची सगळी सामग्री मराठीत अरबी-फारसीतून आली. कारकून हा शब्द फारसी. हप्ता म्हणजे मुळात आठवडा, तोही फारसी. आणि सुखाचे शब्द पाहा. मजा, शौक, फुरसत, रजा हे सगळे तिकडूनच आले. कादंबरी हा शब्द मात्र संस्कृतातला, बाणभट्टाच्या नायिकेच्या नावावरून आलेला. म्हणजे 'कारकुनाने फुरसतीत कादंबरी लिहिली' या साध्या मराठी वाक्यात तीन भाषा शेजारी बसल्या आहेत आणि कुणालाही परके वाटत नाही. बी. रघुनाथांनी आपल्या कथासंग्रहांना 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' अशी नावे दिली. छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची कातडी पिशवी. मराठवाड्यातल्या वाचकाला ही नावे समजावून सांगावी लागली नसतील.

कैरोचा कारकून

बी. रघुनाथांच्या दोन वर्षे आधी, १९११ साली, कैरो शहरात नगीब महफूज यांचा जन्म झाला. तेही सरकारी कारकून. १९३४ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी नोकरी सोडली नाही. त्यातली बरीच वर्षे वक्फ मंत्रालयात गेली. दप्तरातून घरी यायचे, ठरलेल्या वेळी लिहायला बसायचे, ठरलेल्या वेळी उठायचे. मित्रांसाठीही वार ठरलेला. गुरुवारी रात्री जिवलग मित्रांची बैठक, शुक्रवारी कॅफेत लेखक आणि वाचकांचा अड्डा. या आठवडी सुखात ते कधी खंड पडू देत नसत. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले तरी बैठकीचा वार बदलला नाही.

१४ ऑक्टोबर १९९४ रोजी, शुक्रवारीच, मित्रांच्या बैठकीला निघालेल्या त्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर घराबाहेर एका माथेफिरूने चाकूने वार केला. धर्माच्या नावाने. ते वाचले, पण उजवा हात अधू झाला. पुढे रोज अगदी थोडा वेळ लिहिता येई. तेवढेच लिहीत राहिले. आणि मित्रांच्या बैठकाही पुन्हा सुरू झाल्या. २००६ मध्ये ते गेले तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. वार करणाऱ्याला त्यांचे लिहिणे थांबवायचे होते. ते तर थांबलेच नाही, आठवड्याची मैफलही थांबली नाही.

वार बदलला

बी. रघुनाथांना इतके आयुष्य मिळाले नाही. त्यांचा चौतिसावा वाढदिवस आला तो १५ ऑगस्ट १९४७ रोजी. पुन्हा शुक्रवार आणि पुन्हा रमजान, त्यातला शेवटचा जुम्मा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत सुमारे तेहेतीस वर्षांनी मूळ जागी येतो, तसा तो आला होता. देश स्वतंत्र झाला, पण परभणी झाली नाही. संस्थानात आणखी तेरा महिने अंधाराचे होते. रझाकारांचे अत्याचार झाले, मग पोलीस कारवाई झाली आणि त्या धामधुमीत दोन्हीकडच्या निरपराधांची होरपळ झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले. तोही शुक्रवारच होता.

मग कारभाराची भाषा बदलली, सनाचे महिने बदलले, पुढे नाणेही गेले. सुट्टीचा वार शुक्रवारवरून रविवारवर आला. कारकुनी मात्र तीच राहिली. पाच वर्षांनी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी, परभणीत बी. रघुनाथांचे निधन झाले. चाळिशी पुरी होऊन तीन आठवडे झाले होते. नोकरी अजून चालू होती. तो सोमवार होता, कामाचा दिवस. 'आडगावचे चौधरी' पुस्तकरूपाने यायला १९५४ साल उजाडले. ते पाहायला लेखक नव्हता.

परभणीत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि ७ सप्टेंबरला मराठवाड्यात त्यांची आठवण निघते. कुंभार पिंपळगावहून सातोना काही दूर देशी नाही. शाळेतल्या पोरांना एखाद्या वर्षी तिकडे नेले तर त्यांना कळेल की कादंबरीकार पुण्या-मुंबईतच जन्मतात असे नाही. आपल्यासारख्याच गावात, कुलकर्ण्याच्या किंवा कुंभाराच्या घरी, रमजानच्या एखाद्या शुक्रवारीही ते जन्मतात. आणि पुढे त्यांना लागतो तो थोडा मोकळा वेळ आणि तो वेळ जपण्याची जिद्द.

रमजान वेळेचीच शिकवण देतो. सहरची वेळ मिनिटावर, इफ्तारची मिनिटावर. महिना संपला की घड्याळाशी असलेले हे नाते सैल होते. यंदा त्यातला एक तास तेवढा राखून ठेवता येईल, आठवड्यातला एकच. शुक्रवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी, ज्याला जो वार सोयीचा. त्या तासात एखादे जुने मराठी पुस्तक उघडावे. कुणीतरी आपल्या सुट्टीचे दिवस खर्चून ते लिहिलेले असते.