गंजलेली पोर्शे ९०१

पोर्शे कंपनीची जगप्रसिद्ध ९११ ही गाडी जन्माला आली ती ९०१ या नावाने. सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि वर्षभराने कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर लगेच फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हरकत घेतली. मधे शून्य असलेले तीन आकडी नाव वापरण्याचा फ्रान्समधला हक्क आपला आहे, असे तिचे म्हणणे. पोर्शेने वाद वाढवला नाही, शून्याच्या जागी एक घातला. तोपर्यंत ९०१ म्हणून ८२ गाड्या तयार झालेल्या होत्या. त्यांतली ५७ क्रमांकाची गाडी २०१४मध्ये जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागात एका शेतावरच्या कोठारात सापडली.

जुन्या वस्तू धुंडाळणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या लोकांना ती दिसली. चासी नंबर होता ३०००५७. पोर्शेच्या संग्रहालयात एकही ९०१ नव्हती. त्रयस्थ तज्ज्ञाकडून किंमत ठरवून घेऊन संग्रहालयाने १,०७,००० युरो मोजले. पुढचे दोन्ही मडगार्ड गायब आणि पत्रा गंजाने खाल्लेला, अशा गाडीसाठी ही रक्कम भंगारवाल्याला वेडेपणाची वाटेल. पण पैसे मोजले होते ते चासी नंबरासाठी.

या गाडीला वेगळा सांगाडा नाही. बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे गंज हा इथे केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, तळाचा पत्रा, बॅटरीच्या आसपासचा भाग हे सारे भार पेलतात, आणि पाणी नेमके तिथेच साचते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून जोडाच्या फटीत तो धरला की दोन पत्रे एकमेकांपासून उचलले जातात, फट रुंदावते आणि ओल आणखी आत शिरते. बाहेरून रंगाला एक फोड दिसतो तेव्हा आतली पट्टी चाळणी झालेली असते. १९७६च्या मॉडेलपासून पोर्शे जस्त चढवलेला पत्रा वापरू लागली. ९०१ला ते संरक्षण नव्हते.

अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे नवी बॉडी आणून तिच्यावर जुना नंबर बसवणे. पण मग उरते काय? संग्रहालयाने ठरवले, की जमेल तितका मूळ पत्रा वाचवायचा. गाडी पूर्ण खोलून बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवली गेली. रंग, लांबी, गंज सगळे निघून गेले आणि उघडा पत्रा समोर आला. हे काम निर्दय असते, कारण पूर्वीची प्रत्येक थातूरमातूर दुरुस्ती त्यात उघडी पडते. मग सडलेला तेवढाच तुकडा कापायचा, त्याच मापाचा तुकडा बेतायचा, वेल्डिंग करायचे, जोड घासून सपाट करायचा आणि दार, बॉनेट, मडगार्ड बसवून फटी सारख्या येतात का ते पाहायचे. तुकडेही शक्यतो त्याच काळातल्या दुसऱ्या ९११च्या बॉडीतून घेतले. कारण पुढच्या वर्षांत पत्र्याचे बारीकसारीक आकार बदलत गेले आणि नंतरचे सुटे भाग या गाडीत खपून जात नाहीत. एकट्या पत्राकामाला सुमारे वर्ष लागले.

रंगाच्या बाबतीत मात्र संग्रहालयाने जुन्याचा हट्ट धरला नाही. आजच्या गाड्यांप्रमाणेच बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या टाकीत बुडवली, म्हणजे पोकळीच्या आतपर्यंत थर पोचतो. वरचा रंग मूळचाच, सिग्नल रेड. ही तडजोड योग्यच म्हणायला हवी. साठच्या दशकातली गंजरोधक पद्धत इमानेइतबारे पाळली असती, तर गाडी पुन्हा त्याच वाटेने गेली असती. एअर-कूल्ड सहा सिलिंडरचे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि आतली सजावट यांनाही तोच नियम लावला: आधी दुरुस्ती, बदल शेवटी.

सगळे मिळून तीन वर्षे गेली. डिसेंबर २०१७मध्ये स्टुटगार्टच्या संग्रहालयात ही गाडी लोकांना पाहायला मिळाली. त्या संग्रहातली ती सर्वांत जुनी ९११ आहे.