परिदंत विकारातील अस्थिक्षय : संश्लेषित व नैसर्गिक उपचारांचे स्थान

प्रस्तावना :
हिरड्यांतून रक्त येणे हे लक्षण वेदनारहित असल्याने बहुधा दुर्लक्षित राहते. व्यवहारात पायोरिया म्हणून ओळखला जाणारा हा विकार पुढे दाताला आधार देणाऱ्या जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचतो आणि न किडलेले दातही हलू लागतात. यावर संश्लेषित औषधे श्रेष्ठ की नैसर्गिक द्रव्ये, याचे उत्तर अस्थिक्षयाच्या प्रक्रियेतच शोधावे लागते.

अस्थिक्षयाची प्रक्रिया :
जंतूंचा थर व कीटण यांमुळे हिरड्यांचा दाह होतो. दीर्घकाळ टिकलेल्या दाहामुळे शरीराच्याच अस्थिभक्षक पेशी उत्तेजित होऊन हाड झिजवतात. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह ही झीज वाढवतात. दंतमंजन म्हणून वापरली जाणारी मशेरीही तंबाखूच होय.

संश्लेषित उपचार :
डॉक्सिसायक्लिनची २० मि.ग्रॅ. मात्रा दिवसातून दोनदा देण्यास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ही अल्प मात्रा जंतूंना मारत नाही. ऊतींचा नाश करणाऱ्या विकरांना रोखते. बिसफॉस्फोनेट औषधे अस्थिभक्षक पेशींना आवर घालतात; परंतु २००३ पासून त्यांच्या वापरानंतर जबड्याचे हाड मृत झाल्याच्या नोंदी पुढे आल्याने त्यांबाबत सावधगिरी आवश्यक ठरली. हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट इत्यादींचे अस्थिरोपण दातालगतच्या खोल, अरुंद खड्ड्यांत उपयुक्त ठरते. सर्वत्र समप्रमाणात खचलेल्या हाडाची मूळ उंची मात्र त्याने सहसा परत मिळत नाही.

नैसर्गिक उपचार :
हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते. उंदरांवरील काही प्रयोगांत त्यामुळे हाडाची झीज घटली, तर काहींत केवळ दाह कमी झाला. शिवाय पोटातून घेतलेले कर्क्युमिन रक्तात अल्प प्रमाणातच शोषले जाते. कडुनिंबयुक्त गुळण्यांनी जंतूंचा थर व हिरड्यांची सूज कमी होण्यास मदत होते. तथापि वरून चोळलेले चूर्ण वा गुळणी दात व हिरडी यांमधील खोल कप्प्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही.

निष्कर्ष :
दोन्ही प्रकारचे उपचार परस्परविरोधी नसून पूरक आहेत. परंतु दोन्ही दुय्यम आहेत. दातांच्या मुळांवरील कीटण काढणे, रोजची स्वच्छता व तंबाखूचा त्याग हाच उपचाराचा पाया होय. रक्तस्राव थांबला म्हणजे हाड वाचले, असा समज करून घेणे घातक ठरते. हाडाची स्थिती क्ष-किरण तपासणी व कप्प्याच्या मोजमापावरूनच निश्चित करता येते.