मास्तर, गाव कंचं?

वाळवा नाहीतर खटाव तालुक्यातल्या एखाद्या गावात नवा मास्तर एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवून घ्यायचा, तेव्हा पारावरून पहिला प्रश्न यायचा, "मास्तर, गाव कंचं?" डिग्रीची चौकशी कुणी करत नसे. माणूस कुठल्या मातीतला, हे गावाला आधी कळायला हवं असायचं. रयत शिक्षण संस्थेच्या जुन्या मास्तराकडे या प्रश्नाची दोन उत्तरं असत. एक जन्मगावाचं, दुसरं बोर्डिंगचं. ओळख पटायची ती बहुधा दुसऱ्या उत्तरानेच. "साताऱ्याला शाहू बोर्डिंगात होतो" म्हटलं की पारावरचा एखादा म्हातारा सरकून बसायला जागा करून द्यायचा.

शाळांच्या माहितीपत्रकात "उच्चविद्याविभूषित व अनुभवी शिक्षकवृंद" अशी एक ओळ असते. ती वाचून शिक्षकांबद्दल काहीही कळत नाही. ते कुठून आले, लहानपणी काय खाल्लं, त्यांना कुणी शिकवलं, यातलं काहीच त्या ओळीत येत नाही. सातारा-सांगलीकडच्या एका संस्थेचा परिचय मात्र शिक्षकांच्या पूर्वायुष्याशिवाय होऊच शकत नाही, कारण या संस्थेने आपले शिक्षक बाजारातून आणले नाहीत, घरात वाढवले. प्राचार्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना तिथे एकच शब्द आहे: रयत सेवक.

सुरुवात संस्थापकापासूनच करावी लागते, कारण पूर्वायुष्याची मोजपट्टी लावली तर सगळ्यात कच्चं प्रमाणपत्र त्यांचंच निघेल. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे वाळवा तालुक्यातलं. घर जैन, वडील महसूल खात्यात. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात असताना मुक्काम जैन बोर्डिंगमध्ये होता. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि आल्यावर आंघोळ करायचं नाकारलं, म्हणून तिथून बाहेर काढलं गेलं. मॅट्रिक काही झाले नाहीत. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर यांची विक्री. नांगर विकायला गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला कुठल्या वाडीत शाळा नाही, हे तोंडपाठ असायचंच. एका अर्थी संस्थेची पहिली पाहणी किर्लोस्करांच्या खर्चाने झाली म्हणायची.

वसतिगृहाचा पहिला प्रयोग मिरज तालुक्यातल्या दूधगावात १९१० च्या सुमाराला झाला. रयत शिक्षण संस्था स्थापन झाली ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराडजवळच्या काले गावात. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली आणि बोर्डिंग सुरू झालं. या बोर्डिंगच्या पहिल्या कर्मचाऱ्याचं नाव कुठल्याही पगारपत्रकात सापडणार नाही. त्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. स्वयंपाकीण, मेट्रन, आजारी पोरांची नर्स आणि अडीनडीला सावकार, अशी चारही पदं त्यांच्याकडे होती. दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या सभागृहांत त्यांची तसबीर असते, हार घातलेली. पण शंभर पोरांच्या पोटाची रोज सकाळी उठून तजवीज करणं म्हणजे काय, हे हारातून दिसत नाही.

लक्ष्मीबाई सोडल्या तर बोर्डिंगात आचारी नव्हता असं म्हटलं तरी चालेल. आचारी पोरंच होती, पाळीपाळीने. भाकरीची पाळी ज्याची, तो पहाटे चुलीपुढे बसायचा. काठवटीत ज्वारीचं पीठ, कोमट पाणी, तळहाताच्या पाळीने मळणं, मग परातीवर थापणं. घरी आई-बहिणीला थापताना पाहिलेलं, पण स्वतः केलेलं नाही. पहिल्या भाकरीला हमखास चिरा पडायच्या, तव्यावर टाकताना दुमडायची, पाणी फिरवायला उशीर झाला की करपायची. ती तशीच खायची. पंगतीला मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, सगळे एका ओळीत. आज हे वाचायला सोपं वाटतं. महात्मा गांधींनी या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं ते २५ फेब्रुवारी १९२७ रोजी. त्यानंतर महिनाही झाला नव्हता आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. ज्या काळात पाण्याची ही अवस्था, त्या काळात साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत महाराच्या पोराने थापलेली भाकरी पाटलाचं पोर मुकाट्याने खात होतं. या पंगतीतून उठलेला पोरगा पुढे शिक्षक म्हणून वर्गात उभा राहिला, तेव्हा समतेचा धडा शिकवायला त्याला पुस्तक उघडावं लागलं नसेल.

आता मूळ अडचणीकडे येतो. शाळा काढायच्या तर मास्तर हवेत, आणि तीसच्या दशकात शिकलेला माणूस वाडीवर जायला तयार नसे. गेला तरी त्याचं मन लागत नसे. पेठेत वाढलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात विंचवांच्या संगतीने राहायला लावायचं म्हणजे त्याच्यावरही अन्यायच. भाऊरावांनी तोडगा काढला. वाडीचाच पोरगा बोर्डिंगात आणायचा, सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल करवायची, अध्यापनाचं शिक्षण द्यायचं आणि वाडीवर परत पाठवायचं. त्यासाठी १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. नाव पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं, काम सगळं सत्यशोधकी. नंतर ते महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बायकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं. इथून बाहेर पडलेल्या मास्तरांच्या जिवावर व्हॉलंटरी शाळांचं जाळं उभं राहिलं. पाचशेच्या वर शाळा, बहुतेक एकशिक्षकी. देवळात, चावडीत, गोठ्याच्या पडवीत भरणाऱ्या. चारही इयत्ता एकाच मास्तरासमोर. मोठ्यांना पाटीवर गणितं घालून द्यायची, तोवर धाकट्यांचा पाढा घ्यायचा. गाव मूठभर धान्य काढून ठेवायचं, तो मुष्टिफंड.

रयत निघाली त्याच १९१९ साली सांगली आणि मिरजेच्या मधोमध विश्रामबागेत एक महाविद्यालय सुरू झालं: डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज. त्याचे शिक्षक आजीव सदस्यांच्या परंपरेतले, म्हणजे कमी पगारावर वर्षानुवर्षं सेवेची शपथ घेऊन आलेले विद्वान. प्राचार्य गो. चि. भाट्यांसारखा प्रवासवर्णनकार, वि. कृ. गोकाकांसारखा कन्नड कवी तिथे होता. त्याग तिथेही होता, तो नाकारण्याचं कारण नाही. फरक वाटेचा आहे. विलिंग्डनचा प्राध्यापक विद्येच्या घरातून आला आणि गरिबी त्याने पत्करली. रयतचा मास्तर गरिबीच्या घरातून आला आणि विद्या त्याने पत्करली. दोन्ही तऱ्हेच्या शिक्षकांची महाराष्ट्राला गरज होती. पण अनवाणी आलेल्या पोराला धीर द्यायचा असेल, तर स्वतः अनवाणी आलेला मास्तर जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पी. जी. पाटील. शाहू बोर्डिंगात वाढलेला हा मुलगा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला. त्या काळी बॅरिस्टर म्हणजे मुंबईत हायकोर्ट, मलबार हिलवर बंगला. हे परत आले आणि रयतच्या महाविद्यालयांत प्राध्यापक, पुढे प्राचार्य झाले. शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. महात्मा फुल्यांचं लेखन इंग्रजीत नेण्याचं मोठं काम त्यांच्या नावावर आहे. आयुष्यभर लोक त्यांना बॅरिस्टर पी. जी. पाटील म्हणत राहिले; वकिली न केलेल्या माणसाला हे बिरूद इतकं घट्ट चिकटल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

दुसरे वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. शेतकऱ्याच्या घरातले एन. डी. पाटील अर्थशास्त्रात एम. ए. झाले आणि १९५४ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवायला आले. हे कॉलेज १९४७ चं, आणि 'कमवा व शिका' हा त्याचा कणा. एन. डी. या योजनेचे प्रमुख होते. म्हणजे सकाळी वर्गात मागणी-पुरवठा शिकवायचा आणि दुपारी पोरांबरोबर कुदळ-फावड्याचा हिशोब ठेवायचा. पुढे ते शेतकरी कामगार पक्षाचे नेते झाले, १९७८ मध्ये सहकारमंत्री झाले आणि नंतर अनेक वर्षं याच संस्थेचे चेअरमन. राजकारणात त्यांचं बोलणं ऐकलेल्यांना ठाऊक असेल: आकडे मांडायची, मुद्दा तीनदा सांगायची त्यांची पद्धत वर्गातून उचललेली होती.

सगळेच राहिले असं नाही. बापूजी साळुंखे रयतमध्येच घडले, पण बाहेर पडून १९५४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. कडेगावकडच्या सोनसळचे पतंगराव कदम शिवाजी कॉलेजात शिकले, रयतच्याच हडपसरच्या साधना विद्यालयात शिक्षक झाले आणि १९६४ साली त्यांनी पुण्यात भारती विद्यापीठ उभं केलं. एकाच झाडाच्या या पारंब्या आहेत, आणि प्रत्येकीने आपली वेगळी माती धरली. संस्थेच्या बोधचिन्हात वडाचं झाड आहे, ते उगीच नाही.

रयतच्या शिक्षकाच्या आयुष्यात एक शब्द फार मोठा आहे: बदली. शाखा आज सातशेच्या आसपास, त्यामुळे औंधचा माणूस विट्याला, विट्याचा इस्लामपूरला, तिथला थेट नगर जिल्ह्यात. मे महिन्यात बदल्यांची यादी निघते आणि तोवर घरातलं कुणी नवं भांडं विकत घेत नाही. बायकोने लावलेली तुळस बादलीत घालून टेम्पोत ठेवायची, पोरांचे दाखले काढायचे, नव्या गावात पुन्हा खोली शोधायची. सेवकांनी आपली स्वतःची बँक उभी केली, रयत सेवक बँक, ती याच गरजेतून. बाहेर बदलीच्या माणसाला उधार कोण देणार? या बदल्यांनी संसारांचे हाल केले. पण एक चांगलं घडलं: शाळा एका घराण्याची, एका भावकीची झाली नाही. हे भाग्य आपल्याकडच्या फार थोड्या खाजगी संस्थांना लाभलं आहे.

या परिचयात एक उणीव डाचते. संस्थेच्या इमारतींना, महाविद्यालयांना जी नावं आहेत, त्यात गाडगे महाराज आहेत, इस्माईलसाहेब मुल्ला आहेत, धनंजयराव गाडगीळ आहेत. बायका मोजक्या. अध्यापिका विद्यालयातून शिकून खेड्यात एकटीने खोली घेऊन राहिलेल्या बायांना गावाने काय काय ऐकवलं असेल, हे कुणी सविस्तर लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. पुरुष मास्तरांच्या गौरवग्रंथांनी कपाटं भरली आहेत.

आजचा रयत सेवक वेगळा आहे, आणि ते स्वाभाविक आहे. सरकारी अनुदान आलं, वेतन आयोग आले, पगार थेट बँकेत जमा होऊ लागला. हा पगार मिळायलाच हवा. मास्तरांनी उपाशी राहून शिकवावं, असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा पगार सोडून दाखवावा. आता भरतीला डी. एड., बी. एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. या पोर्टलच्या पहिल्याच रकान्यात भाऊराव पाटील अडकले असते, हेही खरं. गंमत म्हणजे 'सेवक' हा शब्द २००० साली सरकारनेही उचलला. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं ठरावीक मानधनावर राबणारा नवा शिक्षक. प्राथमिकला हे मानधन कित्येक वर्षं सहा हजार होतं, २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं. रयतमध्ये सेवक हा मानाचा शब्द होता. सरकारी कागदावर तो वेतनश्रेणी न देण्याचा शब्द झाला. त्याखाली विनाअनुदानित तुकड्या आणि घड्याळी तासिकांवर राबणारे प्राध्यापक. नेट-सेट, पीएच. डी. झालेला पोरगा तासाच्या हिशोबाने शिकवतो आणि संध्याकाळी गावी जाऊन म्हशी बघतो. माझ्या नात्यातल्या एकाला एका संस्थेत 'कायम' व्हायला किती लाख लागतील, ते तोंडी सांगितलं गेलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. अशी एकच असती तर लिहिलं असतं.

बोर्डिंगमधून वर्गात आलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. जे आहेत ते ऐंशी-नव्वदीचे. तुमच्या गावात, गल्लीत रयतचे असे निवृत्त मास्तर किंवा बाई असतील तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. सन्मान, पुरस्कार, निकालाची टक्केवारी हे ते आपणहून सांगतीलच. तुम्ही मात्र विचारा की भाकरीची पाळी तुमच्यावर पहिल्यांदा आली तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, आणि ती करपलेली भाकरी कुणी खाल्ली.