भाकरीसाठी मांजरपाटाची पिशवी

बाजरीची भाकरी तव्यावरून उतरवली की तिच्यातून वाफ निघत राहते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली, तर पाणी होऊन भाकरीवरच बसते. भाकरी ओलसर होते आणि बुरशीला निमित्त मिळते. म्हणूनच दुरडीत सुती फडके घालायची पद्धत होती. सुती पिशवी तेच काम करते, शिवाय शेतावर न्यायलाही सोपी.

नाशिककरांना कापड दूर शोधायला नको. यंत्रमागांचे मालेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. कोरा मांजरपाट आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून धुवा. खळ निघते आणि कापड आटायचे ते शिवण्याआधीच आटते. १४ इंच रुंद, ३२ इंच लांब तुकडा मधोमध दुमडा. बाजू आधी सुलटीकडून शिवा, मग उलटवून पुन्हा शिवा. कडा शिवणीत बंद होतात, दशा भाकरीला लागत नाहीत. वर दीड इंचाचा नेफा, त्यात सुती नाडी.

भाकरी कोमट झाल्यावरच आत ठेवा. पिशवी दोन-तीन दिवसांनी उलटी करून झटका आणि गरम पाण्याने धुवा. सुगंधी द्रव्य नको. वास भाकरीला लागतो. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. दमट पिशवीत भाकरी ठेवू नका.