विजेचा दाब कां कोसळतो?

विजेच्या तारांतून दोन प्रकारची शक्ति वाहते. एक आपला पंखा फिरविते. तिचेंच बिल आपण भरतों. दुसरी, रिॲक्टिव्ह शक्ति, पंख्याच्या मोटरींत चुंबकीय क्षेत्र उभें करते आणि लागलीच परत फिरते. ती स्वतः कांहीं काम करीत नाहीं. परंतु तिच्यावांचून तारांतील दाब टिकत नाहीं.

२३ जुलै १९८७ रोजीं टोकियोंत कडक उकाडा होता. दुपारच्या जेवणाची सुटी संपतांच विजेची मागणी मिनिटाला सुमारें ४०० मेगावॅट वेगानें वाढूं लागली. रिॲक्टिव्ह शक्ति पुरविणारे सारे कपॅसिटर जोडले गेले, तरी दाब उतरतच राहिला. दाब उतरला, कीं नवीं वातानुकूलन यंत्रें अधिक प्रवाह ओढीत. प्रवाह वाढला, कीं तारांच रिॲक्टिव्ह शक्ति अधिक गिळीत. शिवाय कपॅसिटरचा पुरवठा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. म्हणजे गरज वाढते तेव्हांच मदत दुबळी पडते. अखेरीस सुमारें २८ लक्ष ग्राहकांची वीज गेली.

ही शक्ति लांबून आणूं गेल्यास वाटेंतच खर्च होते. म्हणून ती गरजेच्या ठिकाणीं आणि गरजेपूर्वींच सिद्ध ठेवावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हा नियम विजेलाहि लागू आहे.