चिखलदऱ्याच्या वाटा : थोरांसाठीं आणि पोरांसाठीं

डोंगरावर फिरावयास जाणें म्हणजे धट्ट्याकट्ट्या तरुणांचें काम, अशी समजूत आपल्या घराघरांतून रूढ झालेली आहे. सहलीचा बेत ठरला कीं, घरांतील माणसांचे आपोआप दोन गट पडतात : एक पाहणाऱ्यांचा आणि दुसरा वाट पाहणाऱ्यांचा. पहिला गट कडेकपाऱ्या चढतो. दुसरा सतरंजीवर बसून चपला, डबे आणि तान्हीं मुलें सांभाळतो. ही वांटणी अन्यायाची आहे हें गेल्या वर्षापर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आणि आलें तें एका ७८ वर्षांच्या बाईच्या दोन वाक्यांमुळें.

आमचें बिऱ्हाड अमरावतीस राजापेठेंत. घरांत लहानमोठीं मिळून ११ माणसें. गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां आम्ही सर्व चिखलदऱ्यास गेलों. आमच्या आत्याबाईंचे गुडघे दुखतात, आणि धाकट्या पुतण्याचा डावा पाय जन्मापासून अधू आहे. म्हणून त्या दोघांस गाडींत बसवून, जवळ पाणी व चिवड्याचा डबा ठेवून, बाकीचीं माणसें गाविलगडचा किल्ला पाहावयास निघालीं. तीन तासांनीं परत आलों तेव्हां पोर झोंपलें होतें. आत्याबाई जाग्या होत्या. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "अरे, दाखवायचं नव्हतं, तर आणलंत कशाला? सामान राखायला होय?" घाट उतरेपर्यंत गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं.

या वर्षीं जातांना आम्हीं क्रम उलटा केला. आधीं अशक्तांच्या पायांचा विचार केला, मग वाटांचा आणि सर्वांच्या शेवटीं आमच्या हौसेचा. त्यांतून जें शिकलों, तें वृद्ध व बालकें बरोबर घेऊन निघणाऱ्या कुटुंबांस उपयोगीं पडेल, म्हणून येथें सांगत आहों.

चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत सपाट मुलूख, आणि तेथून पुढें घाट. दोन्हीं ठिकाणांच्या उंचींत सुमारे पाऊणशें मजल्यांचें नव्हे, तर चांगलें पाऊण किलोमीटरचें अंतर आहे. आणि दर हजार मीटरांस हवा साधारणपणें साडेसहा अंशांनीं थंड होते, या हिशोबानें राजापेठेंतल्यापेक्षां वर चार-पांच अंश कमी उकाडा असतो. "एवढ्या उंचीवर म्हाताऱ्यांना दम लागेल," अशी भीति पुष्कळांस वाटते. परंतु विरळ हवेचा त्रास बहुधा अडीच हजार मीटरांच्या वर सुरू होतो. चिखलदऱ्यास दम लागतो तो हवेमुळें नव्हे, घाईमुळें. ज्यांस हृदयाचा विकार आहे, त्यांनीं निघण्यापूर्वीं आपल्या वैद्यास विचारावें हें मात्र खरें.

१८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याचें लक्ष या पठाराकडे गेलें, आणि पुढें वऱ्हाडांतील साहेबलोकांचें हें उन्हाळी ठाणें बनलें. महाराष्ट्रांत जेथें कॉफी पिकते असें ठिकाण म्हणून त्याची ख्याति आहे ती त्या काळापासूनची. परंतु या डोंगरांचे मूळ रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मराठीची नव्हे, हिंदीचीही नव्हे, ती मुंडा कुळांतली. गवळ्यांची वस्तीही येथें जुनी आहे, आणि गाविलगड हें नांव त्यांच्यावरूनच पडलें असें मानतात. घाट चढून आल्यावर वाटेंतल्या मोथा गांवीं ताजा खवा मिळतो. पायांची परीक्षा सुरू होण्यापूर्वीं जिभेनें तेथें अवश्य थांबावें.

आतां वाटांविषयीं. स्वित्झर्लंडांत पायवाटांच्या पिवळ्या पाट्या असतात, आणि त्यांवर अंतर नव्हे, तर चालण्यास लागणारा वेळ लिहिलेला असतो. सोपी वाट पिवळ्या खुणेची. डोंगरी वाट पांढऱ्या-तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची. आणि अवघड वाट पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. पाहणाऱ्यास आपली शक्ति कोणत्या रंगाची आहे हें घरबसल्या ठरवितां येतें. आमच्याकडे अशा पाट्या नाहींत. म्हणून आम्हीं आत्याबाईंनाच मापाची पट्टी केलें. त्या काळवेळ अजून घटकांनीं मोजतात. २४ मिनिटांची एक घटका. त्यांत अर्धी घटका चालणें आणि अर्धी बसणें. या मापानें चिखलदऱ्याच्या वाटांचे चार वर्ग पडले.

पहिला वर्ग अगदीं सपाट वाटांचा. शक्कर तलावाचा कांठ आणि सरकारी बाग हीं ठिकाणें ज्यांना कांठीच्या आधारानें कसेंबसें चालतां येतें त्यांच्यासाठीं. एका घटकेचें काम. येथें आत्याबाई सर्वांच्या पुढें होत्या, कारण सर्वांना त्यांच्या मागें राहण्याची आम्हीं सक्त ताकीद दिली होती. तरुण मंडळी प्रथम कुरकुरली. पण मुंगीच्या पावलांनीं चालतांना झाडें, पांखरें, शेवाळ हें सारें दिसूं लागतें, हा लाभ त्यांच्याही पदरीं पडला.

दुसरा वर्ग थोड्या चढउताराचा. भीमकुंड, देवी पॉइंट आणि पंचबोल हीं यांत येतात. भीमानें कीचकाचा वध करून त्यास या दरींत फेंकून दिलें, कीचकदरा याचेंच पुढें चिखलदरा झालें, आणि भीमानें हात धुतले तें भीमकुंड, अशी येथील लोककथा आहे. विराटाची नगरी आमचीच, असें देशांतील आणखीही कित्येक गांवें म्हणतात. त्या वादांत न शिरतां कठड्याशीं उभें राहून ती खोल दरी पाहावी. देवी पॉइंटास देवीचें स्थान खडकाच्या पोटांत आहे, आणि तेथें पायऱ्या उतराव्या लागतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : दुखऱ्या गुडघ्यास चढण्यापेक्षां उतरणें जाचतें. पावलें लहान टाकावींत, आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस न धरतां विरुद्ध हातांत धरावी. आत्याबाई आजवर उलट धरीत होत्या. हात बदलल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलें.

पंचबोलास दरीकडे तोंड करून हांक मारली असतां ती पांच वेळां परत येते अशी प्रसिद्धि आहे. आमच्या पुतण्यास धांवण्याच्या शर्यतींत कोणी घेत नाहीं; परंतु आवाज त्याचा खणखणीत. त्यानें स्वतःच्याच नांवानें हांक मारली. आम्हीं प्रतिध्वनि मोजले ते तीन भरले. त्यानें मोजले ते पांच. त्याचाच हिशोब आम्हीं घरच्या वहींत लिहून ठेवला आहे.

तिसरा वर्ग गाविलगडचा. इ. स. १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें हा किल्ला बांधला असें इतिहासकार सांगतात. तीन बाजूंस तुटलेले कडे. उत्तरेकडून मात्र पठाराशीं जोडणारी जमीन आहे. १८०३ सालीं नागपूरकर भोसल्यांशीं चाललेल्या युद्धांत कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनें डोंगरांतून वाटा काढीत तोफा याच उत्तर अंगास ओढून आणल्या, आणि १५ डिसेंबरास आर्थर वेलस्लीच्या सैन्यानें किल्ला घेतला. किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. जी बाजू किल्ल्यास घातक ठरली, तीच आज अधू माणसांस उपकारक आहे : जेथून तोफा आल्या, तिकडूनच आमच्या आत्याबाईही बेताबेतानें दरवाजापर्यंत आल्या.

पण आंत वाट खडबडीत आहे, गवत माजलेलें असतें, आणि पडक्या बांधकामांवर पाऊल ठेवणें धोक्याचें. पुतण्याचा पाय दोनदां मुरगळतां मुरगळतां वांचला. तेव्हां सर्वांनीं परतावें असें ठरूं लागलें. तो मुलगा खालीं मान घालून म्हणाला, "माझ्यामुळं तुम्ही परत फिरूं नका. मला मग पुढच्या वेळीं यावंसंच वाटणार नाहीं." गेल्या वर्षीं त्यास मागें ठेवून आम्हीं चूक केली होती, या वर्षीं त्याच्यासाठीं सर्वांनीं परत फिरलों असतों, तर ती दुसरी चूक झाली असती, हें त्याच्या बोलण्यावरून कळलें. शेवटीं ज्या दरवाजावर शार्दूल कोरलेला आहे, त्याच्या सांवलींत तो, आत्याबाई आणि आमच्यांतील दोघे थांबलों. बाकीच्यांस दोन घटकांची मुदत दिली. त्यानें तो शार्दूल वहींत उतरविला. आत्याबाईंनीं त्यास लहानपणीं ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मंडळी परत आलीं, तेव्हां सांगण्यासारखें दोन्ही पक्षांपाशीं होतें. यावरून आम्हीं एक नियम केला : थांबण्याची जागा हीच पाहण्याची जागा असावी. माणसास मागें ठेवावें लागलें, तरी तें गाडींत नव्हे. कांहीं पाहण्यासारखें असेल तेथें, आणि सोबतीसह.

चौथा वर्ग वैराटचा. हें येथील सर्वांत उंच टोंक, आणि तेथील सूर्यास्त प्रसिद्ध. परंतु तिकडील रान व्याघ्रप्रकल्पाचें आहे. १९७३-७४ सालीं देशांत जीं पहिलीं ९ व्याघ्रक्षेत्रें ठरलीं, त्यांत मेळघाट एक होतें. तेथें वनखात्याच्या नियमांप्रमाणें वाहनांतूनच जावें. ज्यांस चालवत नाहीं त्यांच्यासाठीं हीच सर्वांत सोयीची सहल, कारण तेथें वाघाच्या धाकानें धडधाकटांसही बसूनच राहावें लागतें!

दोन-तीन सूचना. पहांटे व तिन्हीसांजेस रानवाटांनीं पायीं फिरूं नये, अस्वलें असतात. पावसाळ्यांत धुकें उतरलें कीं कड्याचा कांठ दिसत नाहीं. अशा वेळीं मुलांचा हात सोडूं नये. घाटांत ज्यांस मळमळतें त्यांस पुढें बसवावें, आणि पोट तुडुंब भरून निघूं नये. शिवाय स्वयंपाकाचें सारें ओझें घरच्या सुनांवर टाकूं नये; दशम्या, चटणी आणि गूळ एवढ्यावर एक दिवस सहज निभतो, आणि त्यांचेही पाय वाटेस लागतात.

अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यांनीं बलवान शरीरें घडविलीं. त्यांच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत आपले देशी खेळ दाखविले. तो आम्हां अमरावतीकरांचा योग्य अभिमान आहे. परंतु घराचें बळ त्यांतील सर्वांत जोरकस माणसावरून मोजावयाचें कीं सर्वांत सावकाश चालणाऱ्याबरोबर किती जण चालले यावरून, हा प्रश्न आम्हांस या वर्षीं पडला आहे.

परततांना परतवाडा मागें पडल्यावर आत्याबाईंनीं विचारलें, "अकोटाकडला नरनाळा किल्लाही मोठा आहे म्हणतात. तिथं दरवाजापर्यंत किती घटका?" आम्ही चौकशी करीत आहों.